लोक म्हणजे कोण?

माझे एक काका वारले, त्याला आता पंधरा वर्षे होऊन गेली. निरोप कळताच आम्ही भावंडे रात्रीतून गावी पोहोचलो. सकाळी अंगणात तिरडीची तयारी चालली होती आणि माजघरात बायका जमल्या होत्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. थोड्या वेळाने आतून काच फुटल्याचा आवाज आला. मी उंबरठ्यापाशी गेलो. दोघीतिघींनी काकूंचे हात धरले होते आणि नात्यातील एक वयस्कर आत्या त्यांच्या हातांतील बांगड्या फोडत होत्या. मग कपाळावरचे कुंकू पुसले गेले, गळ्यातले मंगळसूत्र काढले गेले. काकूंनी कसलाही प्रतिकार केला नाही. त्यांनी फक्त एकदा मान वर करून सभोवार पाहिले. ती नजर माझ्यावरूनही फिरली. मी काही बोललो नाही.

मला पत्रकारितेत येऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षे झाली होती. समाजसुधारकांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना मी लेख लिहिले होते, सभांतून भाषणे केली होती. ही प्रथा अमानुष आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरीही त्या उंबरठ्यावर माझी जीभ उचलली नाही. ‘ही वेळ बोलण्याची नव्हे’, ‘वडीलधारी मंडळी बसली आहेत’, ‘लोक काय म्हणतील’ अशी कारणे मी मनाशी जुळवली आणि बाजूला झालो.

तीन-चार वर्षांनी त्याच घरात चुलतभावाचे लग्न निघाले. मुलाची आई असूनही काकू सीमांतपूजनाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. रात्री मंडळी निवांत बसली असता तो जुना विषय निघाला आणि मी चकित झालो. ज्या आत्यांनी बांगड्या फोडल्या होत्या त्या म्हणाल्या, “माझे हात थरथरत होते रे. पण चारजणी उभ्या होत्या, मी नाही म्हटले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या?” त्या चारजणींपैकी दोघी तेथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आम्ही तर आत्यांकडे पाहत होतो.” धाकटे काका म्हणाले, “मला ते मुळीच आवडले नव्हते, पण घरातल्या बायकांच्या गोष्टीत पुरुषाने कसे पडावे?” अंत्यविधी सांगणारे गुरुजी लग्नालाही आले होते. त्यांनी तर हात झटकले. “तो भाग माझ्या विधीत येतच नाही. मला कोणी विचारले असते तर नको म्हणालो असतो.”

म्हणजे त्या दिवशी काकूंच्या बांगड्या फुटाव्यात, असे त्या घरात कोणाला वाटत होते? शोधू गेले तर एकही माणूस सापडत नाही. तरी बांगड्या फुटल्या. ज्या ‘लोकां’ना आम्ही सारे भीत होतो ते लोक कोठे बाहेर नव्हते. ते आम्हीच होतो. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मौनाला संमती समजत होता आणि स्वतःच्या मौनाने दुसऱ्याची तीच समजूत पक्की करत होता.

रेषा आणि बहुमत

माणसाचे मत कसे बनते आणि त्याचे वर्तन कशाने ठरते, हा मानसशास्त्राचा जुना प्रश्न आहे. अमेरिकेतील सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. प्रयोग अगदी साधा. एका खोलीत सात-आठ तरुण बसवायचे. त्यांना एका पत्रावर एक रेषा दाखवायची आणि दुसऱ्या पत्रावरील तीन रेषांपैकी तेवढ्याच लांबीची कोणती, असे विचारायचे. उत्तर इतके उघड असे की एकट्याने पाहणाऱ्याची चूक शंभरात एकदाही होत नसे. गोम अशी होती की, त्या गटातील एकच जण खरोखर परीक्षेला बसलेला असे. बाकीचे सारे प्रयोगकर्त्याने पढवलेले. ते ठरलेल्या वेळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत.

मग त्या एकट्याने काय करावे? डोळ्यांवर विश्वास ठेवावा की बहुमतावर? परिणाम असा दिसला की, अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने, म्हणजे धडधडीत चुकीची आली. चारांपैकी तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. येथे कोणी कोणाला धमकावले नव्हते. बक्षीस नव्हते, दंड नव्हता. गटातील माणसे एकमेकांच्या ओळखीचीही नव्हती. केवळ ‘सगळ्यांपेक्षा वेगळे पडू’ एवढी भीती पुरली. नंतर विचारले असता काहींनी आपल्याच नजरेवर संशय आल्याचे सांगितले. काही म्हणाले, खरे काय ते दिसत होते, पण बोलवेना.

प्रयोगाची ही बाजू बहुतेकांना ठाऊक असते आणि तिच्यावरून ‘माणूस म्हणजे मेंढरू’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. परंतु ॲशने पुढे जाऊन आणखी एक बदल करून पाहिला, आणि आपल्या दृष्टीने खरे मोल त्याचे आहे. त्याने पढवलेल्यांपैकी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले. एवढेच केले. बाकी बहुमत तसेच राहिले. पण एक साथीदार मिळताच मान तुकवण्याचे प्रमाण पूर्वीच्या साधारण पाव हिश्श्यावर आले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायचे ठरवले, तेव्हाही ते प्रमाण घटले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मनातील मत आणि जाहीर वर्तन यांत मोठी दरी असू शकते. दुसरी, ती दरी बुजवण्यासाठी बहुमत फिरवण्याची आवश्यकता नसते. बहुमताची एकवाक्यता मोडणारा एक माणूस पुरतो. आमच्या माजघरात त्या दिवशी तो एक माणूस नव्हता. मी तो होऊ शकलो असतो, ही बोच मला आजही आहे.

मत एक, कृती दुसरी

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात या दरीची उदाहरणे ठायी ठायी आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते, विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे एक अग्रणी. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. आता रानडे विधवेशी विवाह करतील, अशी साऱ्यांची अपेक्षा. पण वडिलांच्या इच्छेपुढे त्यांना नमावे लागले आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी, म्हणजे पुढे ज्या स्वकर्तृत्वाने रमाबाई रानडे म्हणून विख्यात झाल्या त्यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. रानड्यांवर त्या काळी टीका झाली. आजही होते. परंतु ही टीका करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील एखादा उंबरठा आठवावा. रानड्यांसारख्या पर्वतप्राय बुद्धीच्या पुरुषाला जे दडपण पेलले नाही, ते आपल्याला सहज पेलेल असे समजण्यात काय अर्थ?

याच्या दुसऱ्या टोकाला धोंडो केशव कर्वे आहेत. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कोकणातील मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना थारा दिला तर सख्ख्या कुटुंबावरही बहिष्काराची टांगती तलवार होती. कर्वे वादविवादात रमणारे पुरुष नव्हते. त्यांनी शांतपणे बहिष्कार सोसला आणि काम करत राहिले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, पुढे हिंगण्याची संस्था, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. ज्या समाजाने त्यांच्या पंक्तीला बसणे नाकारले होते, त्याच समाजाने त्यांना ‘महर्षी’ म्हटले. कर्व्यांचे मत १८९३ पूर्वीही अनेकांचे मत होते. त्या मताला एक चालता-बोलता देह कर्व्यांनी दिला, आणि पुढच्या प्रत्येकाला ‘मी पहिला नाही’ असे म्हणण्याची सोय झाली.

तिसरे उदाहरण तितकेसे परिचित नाही. विधवांच्या केशवपनाची दुष्ट रूढी जोरात असताना, १८९० मध्ये मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून, आम्ही विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणार नाही, असा निश्चय केला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. रूढी ही काही हवेत तरंगत नसते. तिला कोणाचे तरी हात लागतात. ज्यांचे हात लागत होते त्यांनी ते मागे घेतले.

येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून जे आज्ञापालनाचे प्रयोग केले, त्यांत हेच दिसून आले. अधिकारी व्यक्तीने सांगितले म्हणून समोरच्या माणसाला विजेचे झटके द्यायचे, अशी त्या प्रयोगाची मांडणी. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. मूळ प्रयोगात चाळीसांपैकी सव्वीस जण शेवटच्या मर्यादेपर्यंत गेले. मात्र शेजारी बसलेल्या दोघा सहकाऱ्यांनी ‘आम्ही हे करणार नाही’ असे म्हणून हात आखडले, तेव्हा चाळीसांपैकी केवळ चौघे अखेरपर्यंत गेले. नकार हाही संसर्गजन्य असतो.

कृतीतून वृत्ती

आपला सर्वसाधारण समज असा की, आधी विचार बदलतो आणि मग आचार. म्हणून आपण व्याख्याने ठेवतो, पुस्तके काढतो, प्रबोधन करतो. त्याचे महत्त्व आहेच. पण आचारामागून विचार येतो, ही गोष्टही तितकीच खरी आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांकडून अत्यंत कंटाळवाणे काम करून घेतले आणि नंतर येणाऱ्याला ‘काम फार मनोरंजक आहे’ असे सांगायला लावले. त्याबद्दल काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. मागाहून विचारले तेव्हा एक डॉलरवाल्यांना ते काम खरोखरच बरेचसे आवडू लागले होते, वीस डॉलरवाल्यांना नाही. वीस डॉलर घेणाऱ्याजवळ आपल्या खोटेपणाचे कारण तयार होते. एक डॉलर घेणाऱ्याजवळ ते नव्हते, म्हणून त्याने आपले मतच आपल्या कृतीच्या मापाने बेतून घेतले. फारशा प्रलोभनाशिवाय, स्वतःहून केलेली कृती माणसाचे मन घडवते.

हे वाचले की स्वातंत्र्यवीर सावरकरांचे रत्नागिरीतील कार्य आठवते. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी तर चालवलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेत सर्व जातींची मुले सरमिसळ बसवणे, सणासुदीला पूर्वास्पृश्य बांधवांना बरोबर घेऊन घरोघर जाणे, स्त्रियांचे एकत्र हळदीकुंकू, सहभोजने आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर, हा सारा कृतीचा कार्यक्रम होता. एका पंक्तीला बसून जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘विटाळ’ या शब्दाचे समर्थन पूर्वीच्या जोराने करू शकत नाही. कारण आता त्याला स्वतःविरुद्धच बोलावे लागते.

संघाच्या शाखेचे बळही याच ठिकाणी आहे. शाखेत जातिभेदाविरुद्ध रोज व्याख्यान होत नाही. तेथे एकत्र खेळणे, एका रांगेत उभे राहणे, शिबिरात एका पंगतीत जेवणे होते. ‘संस्कार’ हा आपला शब्द हेच सांगतो. संस्कार ऐकला जात नाही, तो केला जातो. आणि जेव्हा जाहीर शब्दाची गरज होती तेव्हा तोही उच्चारला गेला. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तृतीय सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी, अस्पृश्यतेचे कोणत्याही युक्तिवादाने समर्थन होऊ शकत नाही आणि ती समूळ गेलीच पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. जे अनेक स्वयंसेवक मनात मानत होते आणि घरात बोलण्यास कचरत होते, त्यांना त्या एका भाषणाने जीभ दिली.

म्हणूनच समाजाचा प्रभाव ही गोष्ट मुळातच वाईट, असे समजण्याचे कारण नाही. आषाढीच्या वारीत लाखोंचा समुदाय शेकडो मैल शिस्तीने चालतो. तेथे कोण कोणाला दटावते? मागचा पुढच्याकडे पाहून चालतो. प्रभाव हा अग्नीसारखा आहे. देव्हाऱ्यात तो निरांजन होतो आणि गवताच्या गंजीत वणवा. प्रश्न एवढाच की, तो कोणाच्या हाती आहे आणि आपण त्यात काय टाकत आहोत.

हेरवाडने काय केले?

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने मे २०२२ मध्ये या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे आणि तिला समारंभांपासून दूर ठेवणे या प्रथा गावातून बंद करण्याचा तो ठराव होता. कोरोनाच्या साथीत ऐन तारुण्यात पती गमावलेल्या स्त्रियांचे दुःख गावासमोर होते. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले आणि अनेक गावांनी तसे ठराव केले.

शहरातील काही विद्वानांनी तेव्हा नाके मुरडली. ‘ठरावाने काय होते? दंड नाही, शिक्षा नाही.’ मला वाटते, त्यांना ठरावाचे मर्मच कळले नाही. त्या ठरावाने कोणाचे मत बदलले, असे मी म्हणणार नाही. त्याने प्रत्येकाला दुसऱ्याचे मत कळवले. गावातील प्रत्येक स्त्रीला आणि पुरुषाला उमगले की, ‘मला एकट्यालाच हे नको आहे असे नाही, सगळ्यांनाच नको आहे, आणि सगळ्यांना नको आहे, हेही आता सगळ्यांना माहीत आहे.’ बांगड्या फोडायला पुढे सरणाऱ्या हाताला आता ‘गावाने ठरवले आहे’ असे म्हणून थांबता येते. ज्या ‘लोक काय म्हणतील’ने ती प्रथा जिवंत ठेवली होती, तेच ‘लोक काय म्हणतील’ हेरवाडने प्रथेच्या विरोधात उभे केले.

ठराव झाला म्हणजे काम संपले, असा मात्र याचा अर्थ नाही. ठरावाचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या कपाटात राहते आणि मृत्यू घरात येतो. त्या क्षणी कोणी तरी एकाने उभे राहावेच लागते. आणि हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, येथे नवी सक्ती करायची नाही. एखाद्या भगिनीला पतीच्या मागे स्वतःहून अलंकार नको वाटले, तर तो तिचा अधिकार आहे. तिच्या हातांना दुसऱ्या कोणाचे हात लागू नयेत, एवढेच मागणे आहे.

परंपरेचे नाव घेताना

या ठिकाणी दोन प्रकारच्या मंडळींशी बोलणे भाग आहे. पहिली, स्वतःला पुरोगामी म्हणवणारी. एखादी दुष्ट रूढी दिसली की हिंदू धर्मालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची त्यांना घाई होते. त्याचा परिणाम उलटा होतो. ज्याला आपल्या समाजाचा अभिमान आहे असा साधा माणूस, त्या हल्ल्यापासून समाजाचा बचाव करताना नकळत रूढीचाही बचाव करू लागतो. जो आपला आहे असे वाटते त्याचेच समाज ऐकतो. बाहेरून फेकलेल्या दगडाने घराचे दार उघडत नाही, आतून आणखी घट्ट लावले जाते.

परंतु यापेक्षा कठोर शब्द मला आपल्या मंडळींसाठी वापरायचा आहे. ‘ही आपली परंपरा आहे’ असे म्हणून जे हात वर करतात, त्यांना विचारावेसे वाटते, कोणती परंपरा? शहाजीराजांचे निधन १६६४ मध्ये झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि त्या सोहळ्याला जिजामाता उपस्थित होत्या. हिंदूंच्या इतिहासातील त्या परममंगल प्रसंगी एका विधवा मातेची उपस्थिती अशुभ होती, असे म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकर १७५४ मध्ये विधवा झाल्या. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले, काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आपण काशीला जाऊन ज्या मंदिरात मस्तक टेकवतो, ते एका विधवेच्या पुण्याईने उभे आहे. आणि घरी येऊन मुलाच्या लग्नात त्याच्या विधवा आईला औक्षण करू देत नाही! अहल्यादेवींची तसबीर दिवाणखान्यात आणि घरातील अहल्या स्वयंपाकघराच्या दाराआड, ही विसंगती आपल्याला दिसत नाही काय?

केशवपन ही देखील एके काळी ‘परंपरा’च होती. तिच्यासाठी भांडणारे होते, वचने काढून दाखवणारे होते. आज तिचे नावही कोणी काढत नाही, आणि ती गेल्यामुळे हिंदू धर्माचे एक अक्षरही कमी झालेले नाही. उलट तो उजळून निघाला. जे कालौघात टाकून देता येते आणि टाकल्यावर धर्म अधिक निर्मळ होतो, ते धर्माचे अंग नव्हते, त्याच्यावरचा मळ होता.

हा प्रश्न एका प्रथेपुरता नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ती ८०७ इतकी खाली गेली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९९४ चा आहे, राज्याने तर त्याआधीच १९८८ मध्ये कायदा केला होता. म्हणजे कायदा होता आणि मुली कमी होत गेल्या. या मुली अडाणी दारिद्र्याने नेल्या, असे म्हणून सुटता येणार नाही. सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणारी घरे त्यात होती. ‘पहिली मुलगीच ना? मग आता...’ असे हळूच विचारणाऱ्या शेजारणी, ‘वंशाला दिवा हवा’ म्हणणारे आप्त आणि ते ऐकून गप्प बसणारे आपल्यासारखे सुशिक्षित, या साऱ्यांचा त्यात वाटा होता. हुंड्याचे तेच आणि कर्ज काढून केलेल्या लग्नांचेही तेच. वधूपिता म्हणतो, वरपक्षाला हवे. वरपक्ष म्हणतो, लोकांत शोभले पाहिजे. आणि लोक जेवून निघताना म्हणतात, उगाच एवढा खर्च केला!

आपल्या घरापासून

मग करावे काय? मोठमोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाही. चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, निर्णय आधी करावा. मृत्यूची घटका ही वादाची घटका नव्हे, हे अगदी खरे. म्हणूनच तो वाद आज, चहा घेताना, सारे सुखरूप असताना मिटवावा. घरातील कर्त्या पुरुषाने मुलांना व भावंडांना स्पष्ट सांगून ठेवावे, शक्य तर लिहून ठेवावे, की माझ्या मागे माझ्या पत्नीच्या अंगावरील एकही अलंकार कोणी उतरवायचा नाही. हे वाक्य पुरुषाने उच्चारले पाहिजे. ‘बायकाच बायकांच्या वैरी’ असे म्हणून पुरुष नामानिराळे राहतात, पण त्या बायका ज्या नजरांना भितात त्यांत ओसरीवर बसलेल्या पुरुषांच्या नजराही असतात.

दुसरी, पुढच्या मंगलकार्यात मान द्यावा. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत विधवा आईला, आजीला, वहिनीला औक्षणाचे तबक हाती द्यावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा भगिनीला आग्रहाने बोलवावे. एकदा केले की दुसऱ्यांदा कारण द्यावे लागत नाही.

तिसरी, पुरोहितवर्गाला सोबत घ्यावे. १९६९ च्या उडुपी येथील विश्व हिंदू परिषदेच्या संमेलनात धर्माचार्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध एकमुखाने उभे राहावे यासाठी श्रीगुरुजींनी किती परिश्रम घेतले, हे जाणत्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आचार्यांच्या मुखातील एका शब्दाला समाजात जे वजन असते, ते शंभर लेखांना नसते. आपल्या गावच्या गुरुजींना आपण हा शब्द मागितला आहे काय? आमच्या गुरुजींना तो कोणी मागितलाच नव्हता.

चौथी आणि सर्वांत अवघड, दुसरा कोणी उभा राहिला तर त्याला एकटे पडू देऊ नये. पहिल्या माणसाला धैर्य लागते हे खरे, परंतु दुसरा माणूस आला नाही तर पहिल्याचे धैर्य तऱ्हेवाईकपणा ठरते. कार्यकर्ता या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच की, तो पहिला नसेल तेथे निदान दुसरा असतो.

आता काकूंविषयी थोडे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे धाकटे दीर, म्हणजे माझे धाकटे काका गेले. तेच अंगण, तेच माजघर. बायका जमल्या होत्या. धाकट्या काकूंच्या हातांकडे कोणाचा तरी हात गेला, आणि आजवर कोणत्याही समारंभात चार शब्द न बोललेल्या आमच्या काकू पुढे झाल्या. “हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. क्षणभर शांतता झाली. मी उंबरठ्यावर होतो. या वेळी मात्र मी आत गेलो आणि म्हणालो, “काकू म्हणतात तसेच होईल.” माझ्यामागून चुलतभाऊ आला. आत्या आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनी बसल्या जागेवरून मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

कोणीही विरोध केला नाही, आणि बाहेर ओसरीवर कोणी काही म्हणालेही नाही. पंधरा वर्षे ज्यांना भ्यालो ते लोक तेव्हा कोठे गेले होते, याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ते तेथेच होते. कोणी तरी बोलावे, म्हणून वाट पाहत होते.